जाळीआडच्या बारा गोळ्या

मी एक जुने जाळीचे कपाट आहे, मित्रांनो. महाडमधल्या एका स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभा आहे. पोलादपूरच्या कोंडाजी सुताराने मला सागवानात घडवले, तेव्हा पुढच्या दाराला बारीक जाळी ठोकली आणि चारही पायांखाली पाण्याच्या दगडी वाट्या ठेवायला सांगितल्या. त्या पाण्यामुळे चाळीस वर्षांत माझ्या अंगावर मुंगी चढली नव्हती. याचा मला फार ताठा होता.

या घरात नुरजहाँ आणि तिची नऊ वर्षांची नशरा राहते. नशराचे वडील अजमल कुवेतला ट्रक चालवतात आणि दर शुक्रवारी फोन करतात. यंदाच्या, म्हणजे दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात नशराचा घसा दुखला, ताप आला आणि गेला. पण पंधरा दिवसांत पोर बदलली. हात आपोआप उडू लागले. भांडे धरले की पडायचे. ती उगाच घाबरायची, साल निघेपर्यंत हात धुवायची. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी म्हणाले नाटक आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र नीट सांगितले. रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच चुकून मेंदूवर उलटली होती. त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. रोज सहापासून सुरुवात, मग हळूहळू कमी. एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल, हे त्यांनी तीनदा बजावले.

हात थांबले. पण गोळ्यांनी भूक आणली, अशी भूक मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. नशराचे गाल फुगले, डोळे बारीक झाले. अजमलला फोटो गेला तेव्हा पोरगी बाळसे धरतेय म्हणून तो खूश झाला. डॉक्टरांनी मीठ बंद केले होते, गोड मोजून. म्हणून नुरजहाँने मला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. नशरा जाळीला नाक लावून बसायची. एके दिवशी तिने खालच्या कोपऱ्यातली जाळी उचकटली आणि दोन बोटे आत घालून नानखटाई काढली. मला राग आला नाही. बाहेर ती कोंडलेली, आत मी. नुरजहाँ तर आम्हा दोघांची राखण करताना दाराबाहेरही पडत नव्हती.

रमजान आला तोवर गोळ्या तीनवर आल्या होत्या. नशराचा चुलत भाऊ उझैर याने पहिला रोजा धरला. संध्याकाळी त्याला फुलांचा हार घातला, सगळ्यांना मिठाई वाटली. नशराही हट्ट धरून बसली. आजाऱ्याला रोजा माफ असतो, असे नुरजहाँने तिला समजावले. तेव्हा तिची फुफी, म्हणजे आत्या, अम्बरीन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला कसला रोजा झेपतोय? हिच्यासाठी कपाटाला कुलूप लावावं लागतं." नशरा जाळीपासून दूर सरकली. नुरजहाँने ते ऐकून घेतले, पण तिने तेव्हा बोलायला हवे होते असे मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून नशरा माझ्या जाळीतून काही काढेना, उलट आत घालू लागली. सकाळची बिस्किटे आणि तीन गोळ्या तोंडात टाकल्यासारखे करायची आणि आई वळली की फटीतून आत मागच्या कोपऱ्याकडे ढकलायची. दुपारचे ताट मागच्या दारी कोंबड्यांना. संध्याकाळी सर्वांबरोबर निमूट जेवायची. नुरजहाँने अजमलला फोनवर आनंदाने सांगितले की लेकीची भूक ताळ्यावर आली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तीन, सहा, नऊ, बारा. गोळ्या माझ्या पोटात आणि पोर गोळ्यांवाचून, हे फक्त मला माहीत होते.

त्याच चौथ्या दिवशी भर दुपारी नशरा माझ्यासमोर कोसळली. हात पुन्हा उडत होते. नुरजहाँ साखरेसाठी धावली, कुलूप उघडले आणि थबकली. रमजानच्या गडबडीत माझ्या वाट्यांतले पाणी आटले होते. मुंग्यांची रांग पायावरून चढून मागच्या कोपऱ्यात गेली होती. तिथे मऊ पडलेली बिस्किटे होती आणि बारा गोळ्या. चाळीस वर्षांचा ताठा गेला, पण मुंग्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गोळ्या मुठीत घेऊनच नुरजहाँ तिला दवाखान्यात घेऊन गेली. जीव वाचला, पण तीनच्या पुन्हा सहा झाल्या. पुन्हा तेच महिने, तीच भूक. घरी आल्यावर नशरा म्हणाली, "अम्मी, मी खादाड नाय. मला रोजा झेपतो, हे दाखवायचं होतं."

नुरजहाँ रडली. "भूक तुझी नाय गो, गोळीची हाय," ती म्हणाली. "हे मी त्या दिवशी अम्बरीनसमोर बोलायला पायजे होतं."

मग तिने किल्ली आपल्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातली. भूक लागली की हाक मारायची, दोघींनी मिळून उघडायचे, असे ठरले. त्या दिवसापासून नुरजहाँचे जेवणही अळणी झाले. ती तोंड वाकडे करते, नशरा हसते. गोळ्या अजून चालू आहेत. कुलूपही आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या कुणाचे गाल अचानक फुगले तर त्याला नावे ठेवू नका. आणि घरातले मूल एकाएकी शहाणे झाले, काही मागेनासे झाले, तर खूश होण्याआधी माझ्यासारख्या एखाद्या कपाटाचा मागचा कोपरा तेवढा बघून घ्या.