वीस बाटल्यांचा एक वास

पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं आणि मी नाक मुरडलं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. तोच वास.

"अंगद, हे पाणी कुठलं रे?"

"लेबल हाय की, मावशी. वीस गावं, वीस हातपंप."

हातपंपाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत नाही, तो नळाच्या पाण्याला येतो. विद्यापीठाच्या आरोग्य विभागात एकोणीस वर्षं मी बाटल्या धुते, मला पाणी शिकवू नये. पीएचडीचं पोरगं जीप घेऊन गेलं आणि होस्टेलच्या नळावर वीस बाटल्या भरून आलं. उष्टी ताटं घासताना येत नाही एवढी किळस आली मला.

सातव्या बाटलीवर इस्लापूरकडच्या वाडीचं नाव होतं. तिथं माझी धाकटी बहीण शिल्पा नांदते. तिची राजकन्या नऊ वर्षांची. दात पिवळे पडलेत, चालते गुडघ्यात वाकून. पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराईडनं असं होतं. ते जास्त निघालं की पंपावर लाल फुली मारतात, मग त्याचं पाणी कुणी पीत नाही. वाडी त्या एका आकड्याची वाट बघत होती.

मी मन्मथ सरांकडे गेले. अंगद त्यांचाच विद्यार्थी. लातूरच्या परिषदेत वाचायचा निबंध ते लिहीत होते.

"मावशी, वास म्हणजे काय पुरावा असतो का? तुम्ही बाटल्या धुवा."

धुतल्या. पण रविवारी एसटीनं वाडीवर गेले आणि दोन बाटल्या भरून आणल्या, एक पंपाची, एक ओढ्यापलीकडच्या विहिरीची. सोमवारी अंगदलाच मशीनवर बसवलं. विहिरीचा आकडा एकच्या आत आला. पंपाचा आला चार पॉइंट दोन. दीडच्या वर चालत नाही.

अंगदनं मान खाली घातली. सर मात्र आकडा बघून म्हणाले, "हा रीतसर नमुना नाही. सोडून द्या."

वीसही पंप सुरक्षित, असा निबंध लातूरला वाचला गेला. सर शाल-नारळ घेऊन आले, विभागात पेढे वाटले. मी हात पुढे केला नाही.

"का हो मावशी, शुगर आहे का?"

"न्हाई सर. किळस आलीय."

सर हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. निगरगट्ट माणूस.

आठवड्यानं शिल्पाचा फोन आला. "अक्का, पंचायतीत विद्यापीठाचा कागद आलाय. पाणी चांगलं हाय म्हणं. तू हाईस तिथं, म्हणून आम्ही बिनघोर हाव."

रविवारी मी लाल रंगाचा छोटा डबा घेतला आणि वाडी गाठली. पंपावर फुली मारली. एक रेघ वाकडी गेली. बाया जमल्या.

"कुणी सांगितलं गं?" शेजारच्या नागुबाईनं विचारलं.

"विद्यापीठानं."

"कागद तर उलटा आलाय."

"कागद सरांचा हाय. पाणी म्या तपासून घेतलंय."

"मग प्यायचं कुठलं?"

"ओढ्यापलीकडच्या विहिरीचं. ते चांगलं हाय."

"लई लांब हाय, माय."

"हाय," मी म्हणाले.

शिल्पानं भरलेली घागर पंपापाशीच उपडी केली, रिकामी डोक्यावर घेतली आणि ओढ्याची वाट धरली. राजकन्या कळशी घेऊन मागे निघाली. पोर हळू चालते. शिल्पा दर दहा पावलांवर तिच्यासाठी थांबत होती.