नोंदीत नसलेला घड

मराथेफ्तिको हा सायप्रस बेटावरचा काळ्या द्राक्षांचा जुना वाण. त्याच्या फुलांत पुंकेसर असतात, पण परागकण निकामी. म्हणून तिथले शेतकरी ओळींमध्ये माव्रोसारखा दुसरा काळा वाण मिसळून लावतात. त्याचे पराग मिळाले तरच मणी धरतात. माव्रोची वाइन हलकी, रोजच्या जेवणाबरोबर प्यायची. मराथेफ्तिकोची गडद, जांभळी, अंगानं दाट. पण पीक बेभरवशाचं, म्हणून बेटावरही अनेकांनी हे वेल उपटून टाकले.

हे सगळं मला सायप्रसच्या एलेनीबाईंच्या पत्रांतून कळलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडं जमीन तपासायला आलेल्या परदेशी पथकात त्या होत्या. माझे बाबा, श्रीपादराव, लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावायला त्यांना पथकाबरोबर धाडलं होतं. ती ओळख टिकली. मी एमएस्सी झाल्यावर बाईंनी रीतसर सरकारी तपासणीतून दोन्ही वाणांच्या काड्या पाठवल्या. घरामागच्या पाच गुंठ्यांत मी मांडव उभा केला.

"माले, शेवटी दारूच ना ती?" बाबा म्हणायचे. "सगळं लातूर डॉक्टर बनवायलंय, अन् माझी पोरगी दारू."

"वाइन, बाबा."

"हाव, कोट घातलेली दारू."

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर छाटणीच्या दिवशी, आमचं ठरलं. मणी धरले तर नाशिकची एक वाइन कंपनी हा प्रयोग पुढं नेणार होती आणि त्यावरच मी पीएचडी करणार होते. नाही धरले, तर चन्नबसप्पा सरांच्या मेडिकल एन्ट्रन्सच्या क्लासमध्ये शिकवायला जायचं. "ठरलं," बाबा म्हणाले. "वेल सांगंल तसं."

नोव्हेंबर सरताना फुलोरा उमलायला आला आणि नेमकी तेव्हाच नांदेडला विद्यापीठात माझी पीएचडीची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होती. नऊ दिवस मावशीकडं राहावं लागणार होतं.

"बिनघोर जा," बाबा म्हणाले. "वही तेवढी ठेव. कोणत्या वेलावर किती घड, लिहिलंय ना सगळं? बघतो मी."

परत आले तेव्हा फुलोरा संपला होता. तीन आठवड्यांनी माव्रोचे वेल लगडले. मराथेफ्तिकोवर मात्र मोहरीएवढे, बिनबियांचे मणी. बाकी सगळी गळ.

"हवा मानवली नसंल," बाबा म्हणाले आणि चन्नबसप्पा सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. सर लई गोड बोलले.

कंपनीचे यज्ञेश दुसऱ्या दिवशी पाहणीला यायचे होते. त्यांना निदान मांडव तरी स्वच्छ दिसावा म्हणून मी वाळकी पानं काढत होते. मराथेफ्तिकोच्या सातव्या वेलामागं, तारेच्या आड, पानांच्या गर्दीत एक घड भरगच्च होता. दोन मणी फोडले. दोन्हींत बिया. वही काढली, हा घड तीत नव्हता. मोजताना माझ्या नजरेतून सुटला असणार.

मग भिंग घेऊन बाकीचे देठ पाहिले. प्रत्येकावर दोऱ्याचा बारीक वळ.

बाहेरचे पराग फुलापर्यंत पोचू नयेत म्हणून घडाला बटर पेपरची पिशवी घालून दोऱ्यानं बांधतात. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी बाबा तीस वर्षं त्या पिशव्या करत आले. गाठ कशी मारायची, हे मला अकरावीत त्यांनीच शिकवलं होतं.

मी त्यांना मांडवात बोलावलं. "हा एक राहिला तुमच्याकडून."

त्यांनी वाकून पाहिलं. "वहीत नव्हता हा," ते म्हणाले.

मी वही मिटली.

"वेलाला धक्का न्हाई लावला मी. नुसत्या पिशव्या. तू यायच्या आदल्या दिवशी सोडल्या."

"ठरलं होतं ना आपलं?"

"सरांना दसऱ्यालाच शब्द देऊन बसलो होतो, माले."

दसरा छाटणीच्या आधी होता. म्हणजे त्यांनी 'ठरलं' म्हटलं, तेव्हाच सगळं ठरलेलं होतं.

"किल्लारीला पहिल्या दिवशी मी ढिगाऱ्यातून माणसं काढलीत," ते म्हणाले. "जमिनीवर भरवसा ठेव म्हणून मला सांगू नको. पगार हा पगार असतो."

"मग तोंडावर नाही म्हणायचं होतं."

"ऐकलं असतंस?"

सकाळी यज्ञेश आले. मी त्यांना आधी तो घड दाखवला, मग बाकीचे देठ. बाबा चहाचा ट्रे घेऊन मागं उभे होते.

"पिशव्या तुम्ही बांधल्या?" यज्ञेशनी मला विचारलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. सांभाळून घेईन, असं त्यांना वाटलं असावं.

"नाही. यांनी."

यज्ञेशनी भिंगातून दोन-तीन देठ पाहिले. "या जागेवरचा निकाल मला धरता येणार नाही," ते म्हणाले. "दोन्ही वाणांच्या काड्या आमच्या फार्मवर लावू. पण तुम्हाला तिथंच राहावं लागेल. पुन्हा तीन वर्षं."

"येते," मी म्हणाले.

चहा तसाच राहिला. यज्ञेशची गाडी वळल्यावर बाबा म्हणाले, "अन् चन्नबसप्पांना आता मी काय सांगू?"

मी कात्री घेऊन माव्रोच्या पहिल्या वेलाकडं गेले आणि काड्या निवडायला लागले.