माशाचं तोंड

आपल्या नवऱ्याचं प्रेत किनाऱ्याला लागल्याची बातमी मोठ्या बहिणीने दारातच धाकटीच्या कानात सांगितली. होडी उलटून दहा दिवस झाले होते. "पोरीला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही," म्हणाली, मुलीला बाहेर ढकललं आणि आतून कडी लावून घेतली. मावशी भाचीचा हात धरून निघाली ती सरळ चर्चच्या संडेस्कूलला. शिकवण्याचा दिवस तिचाच होता, आणि सांगायचं जिवावर आलं होतं.

गेल्या रविवारी हिनेच नको तो शहाणपणा केला होता. बायबलातल्या योनाची गोष्ट चालली होती, पोरं मासे रंगवत होती आणि भाची नुसती खडू धरून बसलेली. हिला राहवलं नाही. "योना तीन दिवस माशाच्या पोटात होता, आला ना धडधाकट परत? तसेच बाबा येतील," असं म्हणून बाईसाहेब मोकळ्या झाल्या. पोरं काय, विसरून जातात म्हणे. डोंबलाचं विसरतात.

आज ते मासे दुमडून कडेने चिकटवायचे होते. तोंड तेवढं उघडं ठेवायचं, म्हणजे कागदी योना आतबाहेर सरकवता येतो. तिने तीनतीनदा बजावलं. तरी दोघांनी योनाचं मुंडकंच उडवलं, एकीने स्वतःची बाही चिकटवून घेतली, आणि एका दीडशहाण्याने विचारलं, "बाई, माशाच्या पोटात संडास कुठे असतो?" सगळा वर्ग खिदळला. तिलाही हसू आलं, आणि त्याबद्दल तिने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

तास संपला तरी ती पोरांना सोडेना. कपटे वेचायला लावले, बाकं सरळ करायला लावली, स्वच्छच असलेल्या कात्र्या पुसायला लावल्या. शेवटी दारातून आया हाका मारायला लागल्या. भाची तेवढी उरली.

तिचा मासा तोंडासकट चारी बाजूंनी पक्का चिकटवलेला होता.

"अगं, तोंड उघडं ठेवायचं होतं ना? योना बाहेर कसा येणार?"

"योना नाहीये. बाबा आहेत," भाची म्हणाली. "पाणी आत जाऊ नये म्हणून बंद केलंय. कधी उघडायचं ते तू सांग."

मावशी पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसली. देवाचा तिला एवढा राग कधी आला नव्हता, आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

"मी तुला खोटं सांगितलं, बाळा. बाबा माशात नव्हते. पाण्यातच होते. आज सकाळी सापडले. ते गेले."

भाची रडली नाही. "पहिल्या दिवशीच?"

"हो. पहिल्याच दिवशी."

"आई रडायला लागली की मी तिला रोज सांगायचे, येतील म्हणून." पोरीने बोटांवरचा वाळलेला गोंद सोलला. "आता तिला मीच सांगते. तू नको सांगूस."