गंज चढवलेली मोरली

आमचे धाकटे दीर कुलदीप कलाकार झाले ते नवा मोबाईल घेतल्यापासून. त्याआधी ते किहीमच्या कॉटेजवाल्यांची बुकिंगं घेत, आणि तीही चुकवत.

पहिला फोटो चहाच्या गाळणीचा. कॉम्प्युटरवर मागचा ओटा पुसला, काळोख भरला, कुठूनतरी धुकं आणलं. खाली नाव दिलं, 'एकांत'. घरातल्या सात माणसांचा चहा त्या गाळणीतून जातो, तिला कसला डोंबलाचा एकांत!

मग पाळी आली सासूबाईंच्या मोरलीची. मोरली म्हणजे तुमची विळी, टोकाला नारळ खवायचे दाते असलेली. आमच्या सासूबाई, नीराबाई, रोज सकाळी तिच्यावर पंचवीस नारळ खवायच्या, नाक्यावरच्या खानावळीच्या सोलकढीसाठी. त्यांना कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही तो या मोरलीमुळे. काम झालं की घासून, पुसून, आडवी करून ठेवायच्या. रिकामी मोरली उभी सोडायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

भाऊजींनी ती उभी करूनच फोटो काढला. पातं फार चकचकीत दिसतं म्हणून एडिटिंगमध्ये गंज चढवला. पाटावर चाळीस वर्षांच्या बसण्यानं पडलेली खळगी मात्र त्यांना खटकली, ती सपाट केली. नाव, 'हरवलेले हात'. ते हात तेव्हा आत भाऊजींसाठीच घावणे काढत होते.

एका बंगल्यात प्रदर्शन भरलं. मुंबईच्या एक बाई फोटोपुढे डोळे टिपत म्हणाल्या, खरी वस्तूही हवी, शेजारी टांगायला. आली का पंचाईत! खरीवर गंजाचा ठिपका नव्हता. सासूबाई खानावळवाल्याला सांगून पंधरा दिवस रेवसला गेल्या होत्या, बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. भाऊजींनी मोरली मिठाच्या पाण्यात बुडवली, उन्हात ठेवली, पुन्हा बुडवली. बापजादे मिठागरात राबलेले. मीठ लोखंडाचं काय करतं, हे या घरात शिकवावं लागत नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, आईंची हाय ती."

"वहिनी, तुला आर्टमधलं काय कलतंय? नवी आनून देईन."

मी बादली उपडी करायला हवी होती. केली नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

बाईंनी मोरली पाहिली आणि नाक मुरडलं. फोटोतला गंज जास्त खरा वाटतो म्हणाल्या, आणि नुसता फोटो घेऊन गेल्या. मोरली घरी परत आली.

सासूबाई आल्या तशा राख आणि चिंच घेऊन घासायला बसल्या. गंज निघाला, त्याच्याबरोबर दात्यांची टोकंही गेली. भाऊजींनी आणून दिलेल्या नव्या मोरलीचं पातं पत्र्यासारखं लवायचं. जुनीवर पंचवीस नारळांना दुपार व्हायची, आणि सोलकढी तर अकराला लागते. आठवड्याभरात खानावळवाल्यानं मशीन आणलं.

त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, "कुलदीप, दाखव रं तो फोटो."

भाऊजी खूश झाले. मोबाईल त्यांच्या हातात दिला, बोटांनी चित्र मोठं करून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मोबाईल परत भाऊजींच्या हातात ठेवला.

"आडवी कर रं ती," त्या म्हणाल्या. "आता कोन बसायचा न्हाय तिच्यावर."