टेबलावर बोलणारा डबा

पक्षाघाताने अप्पांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने, मध्वेशने, त्यांच्यासाठी एक डबा केला. बारा बटणं, बारा शब्द. पाणी, दुखतें, मध्वेश. सगळे त्याच्या बायकोच्या, तुळसीच्या आवाजात. काही बिघडलं तर दाबलेले पण बोलले न गेलेले शब्द डब्याने रांगेत जपून ठेवावेत, ही सोयही त्याचीच. कुंभकोणमच्या घरी बसून तो चेन्नईच्या एका कंपनीसाठी कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, दुरुस्त करायचा. असा डबा करणं त्याच्या हातचा मळ होता.

गेल्या सोमवारी त्याने डब्यात नवा कर्नल घातला आणि डबा मुका झाला. टेबलावर आणायचा, जुनी रांग पुसायची, तपासणीची वायर जोडायची, की स्वच्छ बोले. अप्पांच्या खाटेवर नेला की गप्प. चार वेळा हेच झालं. पाचव्यांदा मध्वेश तडकला.

"अप्पा, मशीन बरं आहे. तुम्हींच नीट दाबत नाहीं. जोर लावा कीं!"

पापनाशमच्या शाळेत चौतीस वर्षं पोरांची गणितं तपासलेल्या अप्पांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. डबा तसाच त्यांच्या खाटेवर राहिला. त्यानंतर त्यांना बटण दाबताना कोणी बघितलं नाही. दिवसभर तुळसी दारासुरमला कामावर, आणि मध्वेश शेजारच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. म्हातारा हट्टाला पेटलाय, असंच त्याने धरलं.

रविवारी ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला डब्याचा आवाज चालवणारा कोड, वाचताना त्याला चूक सापडली. सिरियल पोर्टातून, आतल्या तारेच्या वाटेने, शब्द स्पीकरकडे जातात ते चिपमधल्या क्लॉकच्या ठोक्यावर. ज्या क्लॉकवर कुठलाच ड्रायव्हर 'हे मला हवंय' असा हक्क सांगत नाही, ते बॅटरी वाचवायला कर्नल बंद करून टाकतो. नव्या ड्रायव्हरात हक्क सांगणारी ओळच लिहायची राहिली होती. तपासणीची वायर जोडली की तिच्यासाठी तेच क्लॉक चालू राही, म्हणून टेबलावर सगळं ठीक. वायर काढून बघायचं या शहाण्याला एकदाही सुचलं नव्हतं.

डबा बंद करून नेला, ती एक ओळ घातली. घाईत रांग पुसायची राहिली. डबा त्याने अप्पांच्या उशाशी ठेवून सुरू केला.

कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी तो बोलू लागला.

"पाणी. पाणी. दुखतें. पाणी. मध्वेश. पाणी. मध्वेश. मध्वेश. मध्वेश."

रांगेत आठवडाभर अडकलेले शब्द, तुळसीच्या त्याच गोड आवाजात, किती तरी वेळ. बंद करायला त्याचा हात उठेना. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

डबा थांबल्यावर तो धावत पाणी घेऊन आला. अप्पांनी पेल्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.