तिसरा तास, नैसर्गिक कुतूहल

चिंगरूचं नाव फोनवर झळकलं की माझा नवरा उठायचा आणि मागच्या अंगणात कांद्याची पात धुवायला निघून जायचा. जाताना एवढंच म्हणायचा, "आली तुझी विद्यार्थिनी."

या कामावर मला कोणी नेमलेलं नाही. आमची दोन्ही मुलं तिसरीनंतर शाळेत गेली नाहीत. घरी, गावात, आपल्या मनाने शिकली आणि पोटापाण्यालाही लागली. तेव्हा तैवानमधल्या आमच्या अख्ख्या यिलान जिल्ह्यात असं आमचं एकच घर होतं आणि शेजारी आम्हाला वेड्यात काढायचे. आता दरवर्षी काही घरं मुलांना शाळेतून काढतात, आणि त्यांना कोणीतरी सांगतं, "पाओचूताईंना भेटा." दर गुरुवारी आम्ही नदीकाठच्या बागेत जमतो. मुलं हुंदडतात. आया चहा पितात आणि घाबरतात. घाबरलेल्या आयांना धीर द्यायचा, हे माझं काम.

चिंगरू औषधांच्या दुकानात नोकरीला होती. नवरा लांब शिनचू शहरात, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, शनिवार-रविवारपुरता घरी. मुलगी रोंगरोंग पाचवीत. शाळेचं फाटक दिसलं की पोरीला उलटी व्हायची. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही सापडलं नाही. शेवटी चिंगरूने तिचं नाव काढलं, स्वतःची नोकरी सोडली आणि माझ्याकडे आली. सासू बोलणार, माहेरचे बोलणार, हे ठाऊक असून आली. मला ती आवडली.

"आता काही महिने काही म्हणजे काही करू नकोस," मी म्हटलं. "तिला झोपू दे, लोळू दे, कंटाळू दे. शाळा अंगातून उतरायला वेळ लागतो."

ती मान डोलावत ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, काहीच करायचं नाही म्हणजे नेमकं काय काय करायचं?"

पुढे तिच्या घरी गेले तर फ्रिजवर चार रंगांत वेळापत्रक लावलेलं. पहिला तास, मुक्त वाचन. दुसरा तास, मुक्त खेळ. तिसरा तास, नैसर्गिक कुतूहल. मग मधली सुट्टी. मी वाचत होते तेवढ्यात तिच्या फोनवर चक्क घंटा वाजली.

"हे काय गं?"

"तुम्हीच म्हणालात ना मोकळीक द्या म्हणून? मग दिवसभराची मोकळीक नीट आखून घेतली."

"अगं बाई, कुतूहल तासावर येतं का? मधल्या सुट्टीत आलं तर काय करायचं त्याने?"

तिने ते मनापासून ऐकलं. दुसऱ्या दिवशी फोन. वेळापत्रकात तिने 'राखीव तास' घातला होता. मी कपाळावर हात मारला.

मग बेडूक आले. घरामागच्या भाताच्या खाचरात पाणी भरलं होतं. एका सकाळी रोंगरोंग आपणहून उठली, अनवाणी खाचरात उतरली आणि चिखलात उकिडवी बसून बेडकांची अंडी बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही. चिंगरूने मला रडत रडत सांगितलं, "ताई, ती हसली!"

"छान झालं. आता एक कर. त्या बेडकांजवळ फिरकू नकोस."

"नाही नाही, मुळीच नाही," ती म्हणाली.

आठवडाभरात घरात सूक्ष्मदर्शक आला, भिंतीवर बेडकाच्या आतड्यांचं चित्र लागलं आणि तैपेईहून जीवशास्त्राचा एक मास्तर फोनवर शिकवायला लागला. रोंगरोंगने खाचराकडे पाठ फिरवली. ती पलंगावर पडून लोक गालिचे धुतात त्याचे व्हिडिओ बघायला लागली. बघता बघता चिंगरूचा फोन, "ताई, गालिच्यांवरून मध्य आशियाचा इतिहास सुरू करू का?"

"चिंगरू," मी ओरडलेच, "त्या पोरीने जांभई दिली तरी तू श्वसनसंस्था शिकवशील!"

पलीकडून हळूच, "तो धडा पुढच्या महिन्यात आहे."

गुरुवारच्या जमण्यातही तेच. येईल त्या पोराला ही विचारणार, "आज काय शिकलास?" पोरं हिला लांबून बघून झाडामागे लपायची. दुसऱ्या आया माझ्याकडे तक्रारी घेऊन यायला लागल्या. मी चिडायचे, मग माझीच मला लाज वाटायची, कारण त्या बाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. लेक वाया जाईल या भीतीने ती दिवसाचा एक क्षण मोकळा सोडायला तयार नव्हती.

एका गुरुवारी तिच्यासोबत सासू आली. रोंगरोंगची आमा, म्हणजे आजी. उभी हयात गणित शिकवून निवृत्त झालेली, पाठ ताठ, हातात छत्री.

"तुम्हीच का त्या?" तिने मला विचारलं. "लोकांच्या लेकी घरी बसवणाऱ्या?"

"मी नाही बसवत, आई. बसलेल्यांना चहा देते."

"शब्दांचे खेळ नकोत. पोरीला अपूर्णांक येतात का?"

चिंगरू मध्ये पडली. "आई, शाळेत असती त्यापेक्षा ती जास्त शिकतेय!"

"काय शिकतेय? दुपारपर्यंत लोळते!"

"रोंगरोंग, इकडे ये. आमाला सांग बरं, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

रोंगरोंग आली. आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिला उलटी होणार. पण ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शाळा निदान चारला सुटायची."

आमाने छत्री या हातातून त्या हातात घेतली. चिंगरूचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

मग तिने लेकीला विचारलं, "परत शाळेत जायचंय तुला?" तिने खरंच विचारलं होतं. उत्तर 'हो' आलं असतं तर तिने ते ऐकलं असतं. माझा तिच्यावरचा सगळा राग त्या क्षणी निवला.

"नको," रोंगरोंग म्हणाली. "शाळा नको. पण घरात बाईसुद्धा नको."

त्या दिवशी मी चिंगरूला एकच सल्ला दिला: औषधांच्या दुकानात परत जा, अर्धा दिवस का होईना. तिची हुशारी कुठेतरी खर्ची पडायला हवी, नाहीतर ती सगळी पोरीच्या डोक्यावर कोसळते. ती चिडली, रडली आणि कामावर परत गेली. सकाळी रोंगरोंगजवळ कोण थांबणार? आमा म्हणाली, "मी थांबते. पण शिकवणार नाही हं. आयुष्यभर शिकवलं, कंटाळा आलाय मला."

आमाला शेजारच्या दोन म्हाताऱ्यांबरोबर महजोंग, हा चौघांचा सोंगट्यांचा डाव, खेळायला चौथा भिडू हवा होता. रोंगरोंग बसायला लागली. म्हाताऱ्या तिची गय करत नाहीत. डाव चुकला की हसतात, लबाडी केली की बोटांवर चापट. पोरगी हल्ली नऊला उठून सोंगट्या मांडते.

साहजिकच फोन आला. "ताई, महजोंगमध्ये संभाव्यता असते ना? मी फक्त एक छोटं पुस्तक..."

"फोन ठेव, चिंगरू."

"बरं," ती म्हणाली, आणि चक्क ठेवला.

परवा गुरुवारी मुलं नदीत दगडांचा बांध घालत होती. रोंगरोंग छोटे दगड खाली आणि मोठे वर रचत होती. चिंगरू माझ्याशेजारी बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली.

"ताई, मोठे दगड खाली घालायचे असतात."

"माहीत आहे."

"एकच वाक्य सांगून येऊ?"

"नाही."

"इथूनच ओरडून?"

"नाही म्हटलं ना!"

बांध वाहून गेला. पोरं किंचाळली. चिंगरूने डोळे मिटून घेतले आणि जागची हलली नाही. मी तिच्या हातात चहा दिला.