एकोणीस फुटांची साक्ष

मी एक तबकडी बोलतेय. लोखंडी, ताटाएवढी, दोन भाग पांढरे, दोन काळे, मधल्या भोकातून दोरी. माझं काम तळ्यात बुडायचं आणि दिसेनासं व्हायचं. जितक्या फुटांवर दिसेनाशी होते, तितकं पाणी नितळ. त्याहून जास्त मला काही मोजता येत नाही. हे आधीच सांगते, कारण माणसांना ते पटतच नाही.

मिनेसोटातल्या हेगन तळ्याकाठी मार्लिस टोर्विकने मला घडवलं आणि बावीस उन्हाळे दर पंधरवड्याला पाण्यात सोडलं. तिचा जीव टुलिबीत. हा चंदेरी मासा गार पाण्याशिवाय जगत नाही. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून ती तो धरते, मेपलच्या लाकडांच्या धुरावर सुकवते. तळ्यातले मोठे शिकारी मासे गलेलठ्ठ होतात तेही टुलिबी खाऊनच.

मग कुणाच्या तरी बोटीला चिकटून बारके शिंपले तळ्यात आले. ते पाणी गाळून पितात. आठ फुटांवर दिसेनाशी होणारी मी एकोणीसवर गेले. काठावरची मंडळी खूश! झाडं तोडून त्यांनी हिरवळी केल्या, हिरवळींना खत घातलं. ते खत तळ्यात उतरलं, त्यावर काठाकाठाने शेवाळ माजलं, आणि ते तळाशी कुजून तिथल्या पाण्यातली हवा खाऊ लागलं. मार्लिसने दुसरं यंत्र उसनं आणून मोजलं. वर पाणी कोमट, खाली हवा नाही, मधे जेमतेम पाच फुटांचा गार पट्टा. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे टुलिबी त्यात सापडलेले.

ऑगस्टात काठावरच्या रहिवाशांच्या तळे-संघाची सभा भरली. उत्तरेचं जंगल संघाच्या मालकीचं. पावसाचं पाणी गाळून तळ्याला देणारं तेवढंच उरलेलं. ते विकून तिथे बंगले उठवायचे होते. अध्यक्ष वर्न लुंडीनने मलाच टेबलावर उभं केलं.

"एकोणीस फूट, मंडळी! आणि म्हणे तळं आजारी आहे!"

टाळ्या पडल्या. मार्लिस उठली. "वर्न, खिडकीची काच लख्ख आहे म्हणून घरात कुणी आजारी नाही, असं म्हणशील?"

"अगं, आकडा तुझ्याच हातचा ना?"

"तो नितळपणाचा आहे! खाली मासे गुदमरताहेत. काल माझ्या धक्क्यापाशी चाळीस मेलेले मोजले."

"दर उन्हाळ्यात मरतात गं. गरुडांनी काय उपास करायचे?"

सभा खदखदून हसली. मी तिथेच होते, आणि मला तोंड नव्हतं. एकतीस हात विक्रीच्या बाजूने वर गेले, चौदा विरोधात. मार्लिसने मोजणीची वही वर्नपुढे आपटली. "घे. यापुढे तूच मोज."

आता मला वर्न सोडतो. परवा त्याने मला बोटीवरून खाली सोडलं, तर नेमका एक टुलिबी पांढरं पोट वर करून आडवा तरंगत आला. मी नीट दिसावी म्हणून वर्नने तो वल्ह्याने बाजूला सारला.

"वीस फूट!" तो खुशीत ओरडला.

अरे, मी दिसेनाशी होते तिथे तळं संपत नाही! दोरी अजून सोडा. अजून खाली बघा.